विश्लेषण : अमेरिकेत जुनी गाडी दुरुस्त करणे इतके महाग का? खर्च आटोक्यात कसा ठेवायचा?

शिक्षणासाठी किंवा पहिल्या नोकरीसाठी अमेरिकेत गेलेले अनेक मराठी तरुण पहिली गाडी घेतात ती दहा-पंधरा वर्षे जुनी होंडा सिव्हिक किंवा टोयोटा कोरोला. गाडी परवडते, पण पहिली मोठी दुरुस्ती परवडत नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, गॅरेजवाला आकडा सांगतो आणि तो ऐकून घरी फोन जातो. पुण्यात किंवा नाशिकमध्ये ज्या कामाचे काही हजार रुपये होतात, त्याच कामाचे तिथे लाखभर रुपये का होतात? आणि हा खर्च कमी करण्याचे सरळ मार्ग कोणते?

जुनी गाडी हाच पर्याय का?

न्यूयॉर्क, शिकागोसारखी मोजकी शहरे सोडली, तर अमेरिकेत गाडीशिवाय रोजचे जगणे अवघड असते. किराणा, दवाखाना, कार्यालय सारेच काही मैलांवर असते आणि बस असलीच तर तासाला एखादी. नव्याने गेलेल्या माणसाची तिथे पतनोंद नसते. त्यामुळे कर्ज मिळत नाही किंवा चढ्या व्याजाने मिळते. मग रोख पैसे देऊन जुनी गाडी घेतली जाते.

जुनी गाडी चालवणे ही तिथे कमीपणाची बाब मुळीच नाही. ‘एस अँड पी ग्लोबल मोबिलिटी’ या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये अमेरिकेतील रस्त्यांवरच्या गाड्यांचे सरासरी वय १२.६ वर्षे होते. म्हणजे जुन्या गाड्या दुरुस्त करणारी मोठी यंत्रणा तिथे आहे. ती कशी चालते, हे माहीत नसल्याचा फटका नवख्या माणसाला बसतो.

हा फटका लहान नसतो. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला सत्र सुरू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते. तासाला १५ डॉलर मिळतात असे धरले तर आठवड्याचे ३०० डॉलर होतात. ९०० डॉलरचे बिल म्हणजे तीन आठवड्यांची सगळी कमाई.

बिल इतके मोठे का येते?

याचे उत्तर मजुरीत आहे. महाराष्ट्रात मेकॅनिकची मजुरी तुलनेने स्वस्त असते, म्हणून सुटा भाग वाचवण्याकडे कल असतो. अल्टरनेटर बिघडला की ऑटो इलेक्ट्रिशियन तो उघडतो, ब्रश किंवा बेअरिंग बदलतो आणि पुन्हा बसवतो. अमेरिकेत गणित उलटे आहे. तिथे अनेक शहरांत गॅरेजच्या मजुरीचा दर तासाला १०० डॉलरच्या पुढे असतो, डीलरकडे आणखी जास्त. एवढ्या महागड्या तासात अल्टरनेटर उघडून बसणे परवडत नाही. म्हणून तो अख्खा बदलला जातो.

मजुरीचे तासही घड्याळ लावून मोजले जात नाहीत. प्रत्येक मॉडेलच्या प्रत्येक कामाला किती तास धरायचे, याची ठरलेली पुस्तके आणि सॉफ्टवेअर असतात. त्याला ‘बुक टाइम’ म्हणतात. कामाला दोन तास धरले असतील आणि मेकॅनिकने ते सव्वा तासात संपवले, तरी बिल दोन तासांचेच होते.

समजा, अल्टरनेटर बदलायला दोन तास धरले, मजुरीचा दर तासाला १४० डॉलर आहे आणि सुटा भाग २०० डॉलरचा आहे. मजुरी २८० आणि भाग २००, म्हणजे कर सोडून ४८० डॉलर. यात भागापेक्षा मजुरी जास्त आहे. खर्च कमी करायचा असेल तर मजुरीचे तास कमी करावे लागतात. पुढचे सगळे उपाय याच हिशेबातून निघतात.

‘चेक इंजिन’ दिवा लागला तर आधी काय करायचे?

आधी दिव्याचा रंग पाहायचा. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर गाडी तिथेच सुरक्षित जागी थांबवायची. तशीच चालवली तर काही मिनिटांत इंजिन निकामी होऊ शकते. ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर इंजिनात मिसफायर होत आहे आणि त्याने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. अशा वेळीही गाडी पुढे दामटू नये. पिवळा दिवा स्थिर असेल तर सहसा शोध घ्यायला वेळ असतो.

अमेरिकेत १९९६ पासूनच्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीत ‘ओबीडी-२’ ही यंत्रणा सक्तीची आहे. स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला तिचे सॉकेट असते. त्यात स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड दिसतो. साधा स्कॅनर वीस-तीस डॉलरला मिळतो. ऑटोझोन, ओ’रायली यांसारखी सुट्या भागांची दुकाने बहुतेक ठिकाणी हा कोड मोफत वाचून देतात. बॅटरी आणि अल्टरनेटरची चाचणीही मोफत होते.

पण कोड म्हणजे निदान नव्हे. तो लक्षण सांगतो. ‘पी०४२०’ हा कोड म्हणतो की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी दिसते आहे. कन्व्हर्टर खरोखर संपला असेल, पण ऑक्सिजन सेन्सर बिघडला असेल किंवा एक्झॉस्ट पाइप कुठेतरी गळत असेल तरी हाच कोड येऊ शकतो. कन्व्हर्टर बदलायला शेकडो, कधी हजारापेक्षा जास्त डॉलर लागतात, तर सेन्सर त्याच्या अंशात येतो. ‘पी०४५५’ म्हणजे इंधनाच्या वाफेची मोठी गळती. पेट्रोल भरल्यावर टाकीचे झाकण नीट न लावल्यानेही तो येतो. झाकण घट्ट लावून काही दिवस गाडी चालवली की दिवा आपोआप विझतो.

कोड पाहून अंदाजाने एकेक भाग बदलत जाणे हा सर्वांत महाग प्रकार आहे. त्यापेक्षा निदानाचे पैसे वेगळे मोजलेले परवडते. गॅरेज यासाठी साधारण एका तासाची मजुरी घेते. दुरुस्ती तिथेच केली तर अनेक ठिकाणी ती रक्कम बिलातून वजा होते. निदानात कोणती चाचणी केली आणि तिचे मोजमाप काय आले, हे लिहून घ्यावे. तो कागद दुसऱ्या गॅरेजमध्ये दाखवून दर विचारता येतो.

डीलर की स्वतंत्र गॅरेज?

वॉरंटी संपलेल्या गाडीसाठी स्वतंत्र गॅरेज बहुतेकदा स्वस्त पडते. गाड्यांची दुरुस्तीविषयक माहिती आणि निदानाची साधने फक्त डीलरकडेच राहू नयेत, यासाठी मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ कायदा आला. २०१४ मध्ये वाहन कंपन्यांनी तीच सोय देशभर देण्याचा करार केला. त्यामुळे नेहमीच्या दुरुस्तीसाठी डीलरकडेच जावे लागते, असे उरलेले नाही. डीलरकडे जाण्याची खरी गरज पडते ती रिकॉलसाठी आणि काही मॉडेलमध्ये चावी किंवा संगणकीय मॉड्यूल जोडून घेण्यासाठी.

गॅरेज निवडताना ‘एएसई’ प्रमाणपत्र आहे का, हे पाहता येते. १९७२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था मेकॅनिकची परीक्षा घेते आणि प्रमाणपत्र टिकवायला साधारण दर पाच वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. गाडी कोणत्या कंपनीची आहे, हेही महत्त्वाचे. फक्त जपानी गाड्यांचे काम करणारी गॅरेजे अनेक शहरांत असतात. रोज तेच काम केल्याने त्यांचे निदान सहसा लवकर होते. अशा जागांचे पत्ते स्थानिक महाराष्ट्र मंडळाच्या किंवा विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटात सहज मिळतात. फक्त ‘चांगला आहे का’ एवढेच न विचारता ‘कोणत्या कामाचे किती घेतले’ हे विचारले तर उपयोग जास्त होतो.

आणखी एक जागा फारशी कुणाला आठवत नाही, ती म्हणजे कम्युनिटी कॉलेज. ज्या कॉलेजांत ऑटोमोटिव्ह अभ्यासक्रम असतो, त्यातली अनेक कॉलेजे विद्यार्थ्यांच्या सरावासाठी बाहेरच्या गाड्या घेतात. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली काम होते आणि सुट्या भागांचे पैसे व थोडे शुल्क एवढेच द्यावे लागते. वेळ मात्र जास्त लागतो. ज्याला आठवडाभर गाडीवाचून भागवता येते, त्याने हे विचारून पाहावे.

अंदाजपत्रकात काय पाहायचे?

काम सुरू होण्याआधी लेखी अंदाजपत्रक घ्यावे. कॅलिफोर्नियात ते देणे गॅरेजवर बंधनकारक आहे आणि ग्राहकाची परवानगी न घेता त्यापेक्षा जास्त रक्कम लावता येत नाही. बदललेला जुना भाग परत हवा असेल तर काम सुरू होण्याआधी तसे सांगायचे. तक्रारीसाठी ‘ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर’ ही स्वतंत्र सरकारी यंत्रणा आहे. न्यूयॉर्कमध्ये दुरुस्तीचे गॅरेज राज्याच्या मोटार वाहन खात्याकडे नोंदलेले असावे लागते. मिशिगनमध्ये मेकॅनिकलाही राज्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, म्हणून आपल्या राज्याचा नियम आधीच पाहून ठेवावा.

अंदाजपत्रकात चार गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या हव्यात : निदानाचे शुल्क, सुटा भाग कोणत्या ब्रँडचा व कितीचा, मजुरीचे तास व दर आणि कामावरची वॉरंटी. नुसता एकूण आकडा असेल तर दोन गॅरेजांची तुलनाच होत नाही. अनेकदा पाच-सात कामांची यादी हातात पडते. तेव्हा ‘यातले आज केले नाही तर गाडी चालवणे धोक्याचे होईल असे कोणते?’ हा प्रश्न विचारावा. ब्रेक, टायर, स्टीअरिंग, सस्पेन्शनचे सांधे आणि कूलंटची गळती ही कामे थांबत नाहीत. एअर फिल्टर, इंजिन फ्लश, इंधन यंत्रणेची ‘सफाई’ बहुतेकदा थांबू शकते.

काम झाल्यावर बिलावरून वाद झाला तर बिल भरेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा कायदेशीर हक्क बहुतेक राज्यांत गॅरेजला असतो. त्यामुळे हुज्जत घालायची ती काम सुरू होण्याआधी.

स्वस्तातले सुटे भाग चालतात का?

सुट्या भागांचे ढोबळ चार प्रकार असतात : गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला, दुसऱ्या उत्पादकाचा नवा, कारखान्यात पुन्हा तयार केलेला आणि भंगारातल्या गाडीतून काढलेला. यातला दुसरा प्रकार दुय्यमच असतो असे नाही. डेन्सो आणि आयसिन या कंपन्या टोयोटाला मूळ भाग पुरवतात. त्यांचाच भाग त्यांच्या खोक्यात घेतला तर टोयोटाच्या खोक्यापेक्षा स्वस्त पडू शकतो. ‘रॉकऑटो’सारख्या संकेतस्थळावर मॉडेल टाकले की एकाच भागाचे अनेक ब्रँड आणि किमती दिसतात.

पुन्हा तयार केलेला अल्टरनेटर किंवा स्टार्टर घेताना ‘कोअर चार्ज’ नावाची रक्कम लावली जाते. ती अनामत असते. जुना भाग दुकानात परत दिला की मिळते. माहीत नसल्याने अनेक जण जुना भाग टाकून देतात आणि ते पैसे घालवून बसतात.

पुण्याच्या नाना पेठेसारखा किंवा मुंबईच्या कुर्ल्यासारखा जुन्या भागांचा बाजार तिथेही आहे. मोठ्या आवारात मोडीत काढलेल्या गाड्या रांगेने उभ्या असतात. आपले पाने घेऊन जायचे आणि हवा तो भाग स्वतः काढून आणायचा. आरसा, दाराचे हँडल, टेललाइट, काचेचे बटन यांसाठी ही जागा उत्तम. ब्रेकचे भाग, एअरबॅग आणि टायमिंग बेल्ट मात्र जुने घेऊ नयेत.

इथेही तासांचा हिशेब लावावा लागतो. भंगारातला अल्टरनेटर ६० डॉलरला मिळाला तर वरच्या उदाहरणात १४० डॉलर वाचतात. पण तो सहा महिन्यांत गेला, तर बसवण्याची २८० डॉलर मजुरी पुन्हा द्यावी लागते. सुट्या भागावर ‘लाइफटाइम वॉरंटी’ असली तरी त्यात नवा भाग मिळतो, मजुरी मिळत नाही. ज्या कामात मजुरी जास्त, तिथे भाग चांगला घ्यावा. ज्या कामाला पाच मिनिटे लागतात, तिथे स्वस्त भाग चालतो.

ग्राहकाने आणलेला भाग बसवायला अनेक गॅरेजे नकार देतात किंवा त्यावर वॉरंटी देत नाहीत. भाग मागवण्याआधी हे विचारून घ्यावे.

दोन कामे एकत्र केल्याने काय फरक पडतो?

खूप फरक पडतो. होंडाच्या सहा सिलिंडरच्या अनेक इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो आणि तो साधारण एक लाख मैलांच्या आसपास बदलावा लागतो. वेळेत बदलला नाही आणि तुटला, तर पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटून इंजिनच जाते. वॉटर पंप त्याच बेल्टच्या मागे असतो. बेल्टसाठी इंजिनाचा पुढचा भाग उघडलेला असताना पंप बदलला, तर मजुरी फारशी वाढत नाही. पंप वर्षभराने वेगळा बदलायचा म्हटले, तर तेच सगळे पुन्हा उघडायचे आणि तेच तास पुन्हा भरायचे. म्हणून मोठ्या कामाआधी ‘हे उघडल्यावर आत आणखी काय बदलण्यासारखे असते?’ असे विचारावे.

गाडी घेतानाच हे पाहता येते. २००६ पासूनच्या सिव्हिकमध्ये बेल्टऐवजी चेन असते आणि ती ठरावीक अंतराने बदलावी लागत नाही. २००१ ते २००५ च्या सिव्हिकमध्ये बेल्ट असतो. तो बदलल्याची पावती विकणाऱ्याकडे नसेल, तर बदललेला नाही असे समजूनच भाव करावा.

घरी काय करता येते?

वायपर, केबिनचा एअर फिल्टर, इंजिनाचा एअर फिल्टर, हेडलाइटचा बल्ब आणि बॅटरी ही कामे बहुतेक मॉडेलमध्ये कुणालाही जमतात. काही दुकाने वायपर आणि बॅटरी विकत घेतल्यावर मोफत बसवूनही देतात. थोडा हात बसला की स्पार्क प्लगही जमतात. ब्रेक पॅडचे काम माहीतगाराला शेजारी घेऊनच शिकावे. ऑटोझोनसारख्या दुकानांतून महागडी हत्यारे अनामत भरून नेता येतात. परत केल्यावर पूर्ण पैसे मिळतात. जुने इंजिन ऑइलही अशी दुकाने सहसा मोफत स्वीकारतात. ते गटारात ओतणे गुन्हा आहे.

तीन गोष्टी सांभाळाव्यात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नये, जॅक स्टँड लावलेच पाहिजेत. अनेक अपार्टमेंटच्या भाडेकरारात पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला मनाई असते, ते कलम वाचावे. आणि विद्यार्थी व्हिसावर असताना पैसे घेऊन दुसऱ्याच्या गाड्या दुरुस्त करू नयेत. ते परवानगीशिवाय केलेले काम ठरते आणि व्हिसाच अडचणीत येऊ शकतो.

कोणती दुरुस्ती फुकट होते?

सुरक्षेशी संबंधित रिकॉल. गाडीचा १७ अक्षरी-आकडी ‘व्हिन’ क्रमांक अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या, म्हणजे ‘एनएचटीएसए’च्या संकेतस्थळावर टाकला की प्रलंबित रिकॉल दिसतात. रिकॉल गाडीला असतो, मालकाला नाही. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या मालकालाही डीलरकडे ते काम मोफत करून मिळते. कायद्यानुसार गाडी पहिल्यांदा विकली गेल्यापासून १५ वर्षांपर्यंत हा हक्क आहे. त्यानंतरही अनेकदा कंपन्या तो देतात.

यातले सर्वांत मोठे प्रकरण टकाटा कंपनीच्या एअरबॅगचे. अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅग परत मागवाव्या लागल्या. अपघातात त्या फुटून धातूचे तुकडे उडतात आणि त्यात माणसे दगावली आहेत. २००१ ते २००३ मधल्या काही होंडा आणि अ‍ॅक्युरा गाड्यांत हा धोका सर्वाधिक आहे. विद्यार्थ्यांच्या हाती येणाऱ्या गाड्यांत त्या असू शकतात.

दुसरी सवलत प्रदूषण नियंत्रणाच्या भागांवर आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि इंजिनाचा संगणक यांवर केंद्रीय नियमानुसार ८ वर्षे किंवा ८० हजार मैल, म्हणजे सुमारे १ लाख २९ हजार किलोमीटर, यातले जे आधी येईल तोपर्यंत वॉरंटी असते. सात वर्षांच्या, कमी चाललेल्या गाडीचा मालक ती सहज विसरून जातो.

तपासणीत गाडी नापास झाली तर?

हे राज्यावर अवलंबून आहे. कॅलिफोर्नियात आठ वर्षांहून जुन्या बहुतेक पेट्रोल गाड्यांची दर दोन वर्षांनी ‘स्मॉग’ चाचणी होते. नापास झालेल्या गाडीच्या दुरुस्तीसाठी कमी उत्पन्न असलेल्यांना राज्याची आर्थिक मदत योजना आहे. तिथे जुनी गाडी विकताना चालू स्मॉग प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची असते. न्यू जर्सीत सरकारी केंद्रावर ही तपासणी मोफत होते. टेक्ससमध्ये १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद झाली. डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिन परिसरात प्रदूषण चाचणी मात्र आहे.

चाचणीआधी बॅटरी काढून किंवा स्कॅनरने कोड पुसून दिवा घालवण्याची युक्ती चालत नाही. कोड पुसला की गाडीतल्या अंतर्गत चाचण्याही कोऱ्या होतात आणि तपासणी केंद्राला ते दिसते. त्या पूर्ण व्हायला काही दिवस गाडी चालवावी लागते, आणि तोवर बिघाड तसाच असेल तर दिवा पुन्हा लागतो.

दुरुस्ती कधी थांबवायची?

‘गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च असेल तर विकून टाका’ हा नियम सर्रास सांगितला जातो. तो अर्धवट आहे. चार हजार डॉलरच्या गाडीला दीड हजारांचा खर्च आला, तर तुलना गाडीच्या किमतीशी न करता तिच्या जागी येणाऱ्या गाडीच्या खर्चाशी करायला हवी. दुसरी गाडी घेतली तर कर, नोंदणी, कदाचित वाढलेला विमा आणि कर्जाचा हप्ता आला. शिवाय तिच्यात काय दडले आहे, हे माहीत नाही. सध्याच्या गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स ठीक असतील, तर दीड हजार खर्चून आणखी दोन वर्षे मिळणे हा बहुतेकदा स्वस्त सौदा ठरतो.

थांबायचे ते तीन प्रसंगी. एक, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा इंजिनच गेले असेल. दोन, गाडी गंजली असेल. मिशिगन, ओहायोसारख्या बर्फाळ राज्यांत रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्याने गाडीचा खालचा सांगाडा खातो. सांगाड्याचा गंज पोटापर्यंत पोहोचला की बाकीची दुरुस्ती वाया जाते. तीन, गाडी पुरात बुडालेली असेल. तिच्या वायरिंगचे दुखणे संपत नाही.

यातले दोन्ही, गंज आणि पुराच्या खुणा, विकत घेण्याआधीच दिसू शकतात. त्यासाठी विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्यावी. साधारण एका तासाची मजुरी जाते. विकणारा तपासणीला तयार नसेल, तर ती गाडी सोडून दुसरी पाहावी.